बोटभर अंतर

यवतमाळच्या बसस्थानकावर वर्षाने काढलेला बसमार्गांचा नवा नकाशा लागला आणि जो तो तोंड भरून कौतुक करू लागला. जुना नकाशा म्हणजे नुसता गुंता. वर्षाने रस्ते सरळ केले, प्रत्येक मार्गाला वेगळा रंग दिला आणि थांब्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवलं. संध्याकाळी ती त्या फ्लेक्ससमोर मिरवत उभी होती, आणि का मिरवू नये?

तेवढ्यात भाचीचा फोन आला. नागपुरात वाढलेली अपेक्षा पहिल्यांदाच मामाकडे, राळेगावकडच्या नाईक तांड्यावर निघाली होती.

"मावशी, तांड्याची बस रद्द झाली. मी पिंपळदरीले उतरली. पायीच जाऊन राह्यली."

"पायी? कायले?"

"तुह्या नकाशाचा फोटो हाय ना माह्याकडे. पुढचाच थांबा हाय, बोटभर दूर."

मध्ये सगळं जंगल होतं. जुन्या नकाशात तिथे लांबलचक कोरी जागा होती. उगाच वाया जाते म्हणून तिनेच ती कापली होती. स्वतः त्याच तांड्यावर जन्मलेली! तिथलं पोरसुद्धा त्या वाटेने पायी जात नाही, हे तिला इतकं ठाऊक होतं की दुसऱ्याला ठाऊक नसेल असं मनातही आलं नाही.

"मागं फिर! तिथं वाघ—"

फोन कटला. पुन्हा लागेना.

तिने थोरल्या भावाला, भावसिंगला, फोन लावला. "भिया, पोरगी जंगलातून येऊन राह्यली. एकटीच!"

"काल तिथंच गोऱ्हा मारला न वाघानं," तो ओरडला. "नंगारा वाजवा रे, माणसं जमवा! वर्षा, तू फोन ठेवू नको."

फोनमधून नंगारा धडधडू लागला, मोटारसायकली सुरू झाल्या, माणसं हाका मारू लागली. मग एकाएकी सगळं थांबलं. देवा, माझ्या हातून हे काय झालं?

"सापडली," भावसिंग हळूच म्हणाला. "रस्त्यात बसून होती. झाडीत काहीतरी उभं होतं म्हणते. पण धड हाय."

वर्षा भर स्थानकात हुंदके देऊन रडली. डोळे पुसून वळते तो, कडेवर लेकरू घेतलेली एक बाई नकाशावर बोट टेकवून नवऱ्याला सांगत होती, "पिंपळदरीलेच उतरू. पुढं बोटभरच तर हाय."

वर्षा धावली आणि फ्लेक्सचा कोपरा धरून तिने तो टराटरा खाली ओढला.