जागच्या जागी चाळीस घरं

मी एक जुनी सायकल आहे. पण मित्रांनो, जन्मात एक वीतही पुढे सरकले नाही. मला चाक एकच, तेही जागच्या जागी फिरणारं. कारखान्यात मला व्यायामासाठी बनवलं आणि दुकानात दोन वर्षं मी धूळ खात पडले. मग निवृत्त झालेल्या पोस्टमनआजोबांनी मला घरी आणलं.

त्यांना विसर पडू लागला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज अर्धा तास पायडल मारा. दम लागला पाहिजे, पण बोलता आलं पाहिजे. रक्त खेळतं राहिलं की मेंदूही तरतरीत राहतो. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण आहे ते जास्त दिवस टिकेल."

आजोबांनी नोकरीतल्या सायकलची घंटी माझ्या हँडलवर बसवली. आजी शेजारी स्टुलावर मटार सोलत बसली होती.

"उभ्या सायकलला घंटी कशाला?"

"वाटेत तू आलीस तर?"

पायडल मारताना आजोबा आपल्या जुन्या वाटेवरची घरं ओळीने म्हणत. पहिलं शिंप्याचं, दुसरं गवंड्याचं, अशी चाळीस. सुरुवातीला सहाव्या घराशीच गाडी अडायची. आजी सांगायची नाही, नुसती वाट बघायची. महिने गेले, दम वाढला आणि आठवणही लांबवर जाऊ लागली. एका सकाळी ते चाळिसाव्या घरी पोचले. ते आजीचं माहेर. पत्रं टाकता टाकताच दोघांचं जमलं होतं.

"माझं पत्र आहे का?" आजीने विचारलं.

"आज नाही. उद्या परत येतो."

त्या दिवशी मला धन्य वाटलं.

पुढच्या वर्षी आजी गेली. स्टूल स्वयंपाकघरात गेलं. ऐकायला कोणी नाही, म्हणून आजोबा माझ्यावर चढेनात. लेक सोबतीला राहायला आली. पोर जीव लावणारी, तिच्या मनात काही वाईट नव्हतं. "बाबा, आयुष्यभर सायकलच दामटलीत. आता तरी आराम करा," म्हणाली आणि तिने मला गॅलरीत लोटलं. तेव्हापासून माझ्यावर टॉवेल वाळतात. आजोबा दिवसभर खुर्चीत असतात. 'मी जेवलो का' हे ते लेकीला दोन-दोनदा विचारतात. मला इथे ऐकू येतं आणि फार एकटं वाटतं.

काल ते गॅलरीत आले. टॉवेल चाचपताना हाताला घंटी लागली. त्यांनी ती वाजवली.

"पहिलं घर शिंप्याचं," ते म्हणाले. मग थांबले. पुन्हा घंटी वाजवली, पण दुसरं घर काही आठवेना.

"बाबा, कपडे ओले आहेत. आत या," लेकीने हाक मारली. ते आत गेले.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझं एखादं भावंड असेल. त्याच्यावरचे कपडे काढा, आजी-आजोबांना हात देऊन बसवा. तेवढ्याने भागणार नाही. शेजारी स्टूल टाकून तुम्हीही बसा. दुसरं घर गवंड्याचं होतं. मला चाळीसही घरं पाठ आहेत, पण आजोबांना सांगायला मला तोंड नाही.