मुळीचं नाव

आमच्या बानं जाताना दोन वाटण्या केल्या. थोरल्या श्रीपतीदादाला म्हशी, मला औषधाची मुळी. तोंड आलं की तिकोणा पेठेतली लोकं माझ्याकडं येत्यात. अट एकच, मुळी देनाऱ्यानं तिचं नाव तोंडातनं काढायचं न्हाई. काढलं की गुण गेला.

गेल्या साली दादाला गालाचा क्यान्सर निघाला. पुण्यात मशिनीचा शेक आनि किमो सुरू झाली. तोंड सोलून निघालं, पेज गिळंना. म्हनून मी काढ्याच्या चुळा भरायला सांगितल्या. चुळा. पी म्हनून न्हाई सांगितलं.

त्यात तळेगावची अपूर्वा आली. कालिजात झाडपाल्यावर संशोधन करती. मुळीच्या येलाचं पान बघून तिनंच वळखलं, म्या नाव काढलं न्हाई. मग लॅपटॉपवर जाळं दावलं, नुसते ठिपके आनि रेघा.

"आबा, एका मुळीत पन्नास रसायनं असतात. शरीरात ती कुठं कुठं चिकटतील ते कॉम्प्युटर मांडतो. क्यान्सरच्या जागी, तशी दुसरीकडंही. हा अंदाज आहे, औषध नाही."

दादानं निम्मंच ऐकलं. "कॉम्प्युटरनं पास केली," म्हनला, आनि दोन्ही वखताला पेला भरून काढा प्यायला लागला.

तिसऱ्या आठवड्यात रक्त तपासलं तर लिवर बिघडलेलं. डाक्टरनं किमो थांबवली. काढा पिनं बंद झाल्याबिगर पुढची न्हाई.

चार दिवस मी डोकं आपटलं. "दादा, भोयानं पवनेत जाळं टाकलं तर नुसता मासाच घावतो का? पानसापबी घावतो."

"तुला बघवत न्हाई. बानं दिलेलं भावाला द्यायचं तर हात आखडतो तुजा."

अपूर्वानं फोनवर तासभर समजावलं. दादा म्हनला, पोरगी गोड हाय, पन एकदा पास केलेलं नापास कसं करती? रतनवहिनीनं मुळ्या लपवल्या, यानं हुडकल्या. मी चुलीत घातल्या, तर हा बाबा काठी टेकत रानात गेला आनि उकरून आनल्या. म्हशीवाल्याला येल बरा ठावा.

बुधवारी सकाळी गेलो तर पेला हातातच. ओट्यावर दूध न्यायला आलेली चार मानसं. मी त्यांच्या देखत मुळीचं नाव घेतलं. तीनदा घेतलं.

पेला तोंडापाशी थांबला. वहिनीनं कपाळाला हात लावला.

"रखमाजी, काय केलंस हे," दादा मला म्हनला.

"आता ते नुसतं कडू पानी हाय. पी."

त्यानं काढा उकिरड्यावर ओतला.

पंधरा दिसांनी लिवरचा आकडा उतरला, किमो परत लागली. पुण्याला जाताना गाडीत दादा माझ्याशी बोलला न्हाई. अजून बोलत न्हाई. परवा सरूबाई तोंड आलं म्हनून निघाली हुती, माझ्या दारावरनं पुढं गेली. मेडिकलात मलम घ्यायला.

अपूर्वा म्हनती, "आबा, नाव घेतल्यानं मुळीतलं काही कमी होत नाही."

म्हनलं, हळू बोल पोरी. दादा ऐकंल.

तुमालाबी नाव सांगितलं असतं, माझ्यासाठी त्यात आता काय राहिलंय. पन तुमच्यातबी कोनतरी पेला धुऊन काढ्याची वाट बघत बसलेला आसंल.