होडीतला ड्रॉवर

होडीला कधी ड्रॉवर असतो का? पण कपाटं करण्यात हयात घालवलेल्या मिस्त्रींनी स्वतःच्या हाताने होडी केली आणि बसायच्या फळीखाली चक्क ड्रॉवर बसवला, तोही पितळी मुठीसकट. मिस्त्रीणबाईंनी त्यात बाळासाठी विणलेली टोपडी आणि दुपटी ठेवली. होडीत पाय ठेवला तेव्हाच त्यांचं डोकं तापलेलं होतं.

का तापू नये? लेकीने आपल्या मनाने लग्न केलं म्हणून या गृहस्थांनी तीन वर्षं घरात तिचं नाव घेऊ दिलं नाही, की बायकोला तिच्या दारात जाऊ दिलं नाही. आता लेकीचे दिवस भरत आले होते, आणि नेमका पूल खचून बस बंद पडली होती. "मी चालत जाईन, बघू कोण अडवतं," असं बाईंनी सुनावलं, तेव्हा मिस्त्री कारखान्यात गेले आणि फळ्यांवर रंधा मारायला लागले.

"तुला काठावर उतरवतो आणि तसाच मागे फिरतो," त्यांनी निघतानाच बजावलं होतं.

नदी संथ होती. दोन्ही बाजूंना घरांच्या पाठी दिसत होत्या, गंजलेले पाइप, वाळत घातलेल्या चादरी. एक माणूस गॅलरीत दाढी करत होता, तो अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बघत राहिला. कपाटात खालून पाणी येत नाही, त्यामुळे मिस्त्रींनी त्याचा फारसा विचार केला नव्हता. बाई मगाने पाणी उपसत बसल्या.

"थोडंफार येणारच," मिस्त्री वल्हं मारत म्हणाले.

"उपसणारी मी आहे ना. मग तुम्हाला थोडंफारच वाटणार."

लेक घाटाच्या पायरीवर कमरेवर हात ठेवून उभी होती. बापाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. बाईंनी उतरण्याआधी ड्रॉवरची मूठ ओढली. ड्रॉवर हलेना. मिस्त्रींनी ओढून पाहिली.

"फुगलाय," ते म्हणाले. "वाळल्याशिवाय निघायचा नाही. दोन-तीन दिवस थांबावं लागेल." आणि कुणी काही म्हणायच्या आत ते दोर बांधायलाही लागले.

बाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. दर पावसाळ्यात हाच माणूस गिऱ्हाइकांना समजावत असे की लाकूड फुगतं, ड्रॉवरला थोडी जागा सोडावीच लागते. कुणी सोडली नाही तर त्या कारागिराची अक्कल काढत असे. आणि पाण्यातच राहणाऱ्या होडीत त्याने केसभरही जागा सोडली नव्हती.

म्हणजे त्यांना इथे राहायचं होतं. बाईंना खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं आपण उशीत तोंड खुपसून रडायचं, आणि या माणसाने माघार घ्यायची तीही लाकडाच्या नावावर!

त्यांनी वल्हं उचललं आणि दोन घाव घातले. ड्रॉवरची पुढची फळी फुटली. बाईंनी कपडे बाहेर काढले आणि त्या पायरीवर उतरल्या.

"निघाले कपडे. आता जा मागे," त्या म्हणाल्या. "आणि राहायचं असेल तर तोंडाने विचारा."

मिस्त्री फुटलेल्या फळीकडे बघत राहिले. मग मान वर न करता लेकीला म्हणाले, "राहू का गं, दोन दिवस?"

लेकीने आता कुठे बापाकडे पाहिलं. "मला काय विचारता? आईला विचारा. तिला तुम्ही कधीच काही विचारलं नाहीत."

मिस्त्री बायकोकडे वळले. "मी इथे..." एवढं म्हणून ते दोराची गाठ चाचपायला लागले. एरवी अशा वेळी बाईच त्यांचं वाक्य पुरं करत. आज त्या टोपडी पोटाशी धरून नुसत्या उभ्या राहिल्या.