अर्ध्यावर अडकलेली प्रार्थना

दुपारचे तीन वाजून गेले तरी बाबांचा फोन आला नव्हता.

सकाळी आठला जैनथच्या चौकातून १०८ची गाडी आईला आदिलाबादच्या दवाखान्यात घेऊन गेली. आठवा महिना, पाय सुजलेले, बीपी वाढलेलं. त्यात गाडीत चढवताना आईला झटका आला. तिचे डोळे पांढरे झालेले दामिनीने पाहिले. "तू विमलआजीकडं थांब," एवढंच बाबा म्हणाले आणि दार लागलं.

विमलबाई शेजारीच राहत. अंगणवाडीत तीस वर्षं पोरं सांभाळून आता त्या घरी असत आणि रविवारी प्रार्थनाघरात मुलांना बायबलातल्या गोष्टी सांगत. तीन वर्षांपासून आई तिथे जायची, म्हणून दामिनीही जायची. बाबा मात्र फाटकापर्यंत सोडायचे आणि परत फिरायचे.

आत्ता विमलबाई ओसरीवर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. दामिनी समोर बसून एकही शेंग न मोडता त्यांच्याकडे पाहत होती.

"आजी, मले तेलुगूत प्रार्थना लिहून देता का? पुरी."

"काऊन गं?"

"मी सकाळी म्हटली, आपले पास्टर अय्यगारू म्हणतात ती. परलोकमंदुन्न मा तंड्री, म्हणजे स्वर्गातल्या आमच्या बापा. त्याच्या पुढचं मले आलंच नाही. तीनदा म्हटली, तीनदा तिथंच अटकली." तिने एक शेंग उचलून तशीच परत ठेवली. "बाबाची रेशनकार्डाची दरखास्त अशीच वापस आली होती ना मंडल ऑफिसातून. तेलुगूत चुकी होती म्हणून."

विमलबाईंचे हात थांबले. पास्टर तेलुगू, गाणी तेलुगू, पास्टरांच्या हातातलं जाड बायबल तेलुगू. या पोरीने देवालाही मंडल ऑफिसात बसवलं होतं आणि विमलबाईंना इतक्या दिवसांत ते कळलं नव्हतं.

"म्हणजे आईले काही झालं तर माह्याच चुकीनं, असं वाटून राह्यलं तुले?"

दामिनीने होकारार्थी मान हलवली.

"इकडं सरक. हन्नाची गोष्ट सांगतली होती, आठवते?"

"लेकरू होत नव्हतं ती."

"तेच. देवळात जाऊन तिनं काय म्हटलं?"

"काहीच ऐकू नाही आलं कोणाले. नुसते ओठ हलत होते. देवळातल्या म्हाताऱ्या याजकाले वाटलं, दारू पिऊन आली."

"हां. आता मले सांग, आवाजच नव्हता तर त्या याजकानं तिच्या चुका कशा काढल्या असत्या?"

दामिनीला हसू येता येता राहिलं. "मंग तो येशूचा चेला, पेत्र?" तिनेच विचारलं. "पाण्यात बुडून राह्यला होता तो?"

"त्याले तर वेळच नव्हता. 'वाचव' म्हणाला बिचारा. नाकातोंडात पाणी जात असताना कोण पाठ केलेलं म्हणतं?"

आत फोन वाजल्यासारखा वाटला. दामिनी धावत गेली. काही नव्हतं. परत येऊन ती उभीच राहिली.

"आजी, येशूनं क्रुसावर जायच्या आधल्या रात्री बागेत तीनदा मागतलं होतं ना? हे टळू दे म्हणून?"

"हो. एकच गोष्ट तीनदा."

"पण टळलं नाही."

विमलबाईंनी सूप बाजूला सारलं. हा प्रश्न येणार, हे त्यांना माहीत होतं. आज नको होता.

"नाही टळलं."

"मंग आईचं?"

"ते मले माहीत नाही, माय. खोटं सांगून तुले उगी कशी करू? एवढं सांगते, तो घाम गाळत बोलला, रडत बोलला, आणि देवबापानं त्याले हाकललं नाही. तू जशी आहेस तशी बोल. मी इथंच आहे."

दामिनी भिंतीकडे तोंड करून बसली. मग ती हळूच म्हणाली, "देवा, माही आई जैनथची भाग्यलक्ष्मी. आदिलाबादले हाय. तिचे डोळे पांढरे झाले होते. मले लय भ्या वाटून राह्यलं." पुढे काही म्हणता आलं नाही. पण हे अडकणं सकाळसारखं नव्हतं. सांगायचं ते सांगून झालं होतं. भीती मात्र होती तिथेच होती.

साडेचारला फोन वाजला.

"दामिनी," बाबांचा आवाज बसला होता. "पोरगी झाली. काचेच्या पेटीत ठेवली तिले. आई अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर म्हणे थांबा." मागे कोणीतरी तेलुगूत नावं पुकारत होतं. "तुले येते ना ते प्रार्थनेचं? तू म्हण. मले तर त्यातलं काहीच येत नाही."

दामिनीने विमलबाईंकडे पाहिलं.

"मी म्हटलं बाबा. आता तुमीबी म्हणा. कसंबी चालते. डोळे नाही मिटले तरी चालते. फोन ठेवू नका, मी ऐकून राह्यली."

पलीकडे फक्त गर्दी ऐकू येत होती. फोन कटला की काय, म्हणून तिने स्क्रीन पाहिली. चालू होता.

"देवा," बाबा म्हणाले. "मी संतोष. तुह्याकडं कधी आलो नाही मी. ती येते. तिले उठव."