चुकीच्या काचपट्टीवरचा बीजाणू

मी बोलतोय, पण आवाजाच्या दिशेने बघू नका. तुम्हाला काही दिसायचं नाही. टाचणीच्या डोक्यावर माझ्यासारखे शेकडो सहज बसतील. मी एक बीजाणू आहे. वय एकतीस कोटी वर्षं, दोन-चार लाख इकडेतिकडे.

ज्या झाडावरून मी सुटलो ते उंच होतं, खाली दलदल होती. एकही पक्षी नव्हता, एकही फूल नव्हतं. रुजायचं म्हणून निघालो आणि चिखलात पडलो, तो पडलोच. चिखलाचा दगड झाला. मी मेलो असेन, तर तसं मला कोणी सांगितलेलं नाही.

यंदा इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ माणसांनी जमिनीत दोन खोल भोकं पाडली आणि दगडाचे तुकडे लॅबमध्ये आणले. तिथल्या वैभवीने माझा दगड आम्लात विरघळवला. दगड गेला, मी उरलो; आमचं कवच भलतंच चिवट. दर काळाच्या थरात आमच्या काही खास जाती असतात. त्या ओळखून ही माणसं थराचं वय सांगतात, आणि लांबलांबचे दोन थर एकच की निराळे, तेही.

या वेळी प्रश्न साधा होता. पहिल्या भोकातला कोळशाचा थर, म्हणजे माझा, कोणी कधी खणला नाही. दुसऱ्या भोकातला थरही तोच निघाला, तर जमीन भरीव. निराळा निघाला, तर तो शंभर वर्षांपूर्वी खाणवाल्यांनी पोखरलेला, आणि आजूबाजूला नुसती पोकळी. वर प्रायमरी स्कूल बांधायचंय.

आता हिची चूक ऐका. विरघळलेल्या दगडाचा गाळ ज्या नायलॉनच्या जाळीतून गाळतात, ती दर नमुन्याला नवी घ्यायची असते. पण वैभवी पुण्याची, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या घरातली. एवढी चांगली जाळी टाकणं तिच्या जिवावर आलं. तिने ती नळाखाली खळखळून धुतली आणि दुसरा नमुना तिच्यातूनच गाळला. आम्ही पाच जण धाग्यांत अडकून बसलो होतो. तसेच दुसऱ्या भोकाच्या काचपट्टीवर येऊन पडलो.

मग वर, मायक्रोस्कोपच्या नळीत, तिचा डोळा आला. प्रचंड, ओला, तपकिरी.

"नकुल, ये ना. सेम जात आहे. म्हणजे सेम थर."

नकुल तिचा सीनियर, इथेच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं. त्याने बराच वेळ पाहिलं.

"फक्त पाच आहेत. जाळी नवीन होता ना?"

"अरे, एकदम स्वच्छ होती," वैभवी म्हणाली. "बरं झालं बाई. आमच्या मायराचं नाव त्याच शाळेत घालायचंय."

मी ओरडलो. एकतीस कोटी वर्षांत पहिल्यांदाच ओरडलो. डोळ्याची पापणी लवली आणि तो निघून गेला.

आता मी ड्रॉवरमध्ये आहे. याच काचेवर दुसऱ्या भोकाचे खरे रहिवासीही आहेत, शेकड्यांनी. त्यांची जात सगळ्याच थरांत सापडते, म्हणून त्यांना कोणी काही विचारत नाही. आपल्या घराच्या आजूबाजूला काय आहे ते त्यांना ठाऊक आहे. ते माझ्याकडे बघत असतात. मला त्यांची भीती वाटते.

रिपोर्टवर सही झाली. सोमवारी पाया खणायला घेणार आहेत.

वैभवी, बाई गं, दुसऱ्या भोकाचा उरलेला दगड अजून शेल्फवर आहे. तो नव्या जाळीतून गाळून बघ. आम्ही पाच जण तुला त्यात सापडणार नाही.