निरोगी असल्याचा दाखला

सरकारी नोकरीत दोनच जाती असतात, कायम आणि हंगामी. कायम माणसाला महागाई भत्ता आणि पेन्शन, हंगामी माणसाला पाठीवर पंप. दत्तोबा हंगामी होता. चाकण भागातल्या हिवताप पथकात घरोघर डी.डी.टी. फवारण्याची त्याची चार वर्षं झाली होती. पावसाळ्याच्या तोंडावर कामावर घ्यायचे आणि कार्तिकात 'या आता' म्हणायचे. महिन्याला पंचेचाळीस रुपये, तेही पाचच महिने. उरलेले सात महिने माणसाने कसे काढायचे, याचा खुलासा कुठल्याच परिपत्रकात नव्हता.

मेव्हणा भैरू पिंपरीच्या नव्या कारखान्यात चिकटला होता. दर भेटीत म्हणायचा, "दाजी, या की हिकडं. पगार दुप्पट हाय." पण दत्तोबाच्या डोक्यात 'कायम' हा शब्द घर करून बसला होता. कारखाना आज आहे, उद्या नाही. सरकार कुठं जातंय? बायको शालनबाई यावर खुरपं उचलून कामाला निघे. चार वर्षं तिने लोकांच्या शेतात खुरपून घर चालवलं होतं, बोलायला ताकद कुठून आणणार?

यंदा मात्र देव पावला. पथकाला एक कायम जागा मंजूर झाली आणि इन्स्पेक्टर मारुतरावांनी दत्तोबाचं नाव वर धाडलं. अट एकच, डॉक्टरांकडून प्रकृती निरोगी असल्याचा दाखला आणायचा.

इथेच माशी शिंकली. चाळीस गावांतले डास मारणाऱ्या दत्तोबाला स्वतःलाच हिवताप होता. त्याची झोपडी गायरानात, तिला ग्रामपंचायतीचा नंबर नव्हता, आणि बिननंबरी घरात सरकारी औषध मारायला मनाई होती. उरलेले चार थेंब घरी मारले असते तर कुणी फासावर दिलं नसतं. पण चार वर्षांत या बहाद्दराने तो नियम एकदाही मोडला नाही. एवढा प्रामाणिकपणा फक्त हंगामी माणूसच करू जाणे.

तरी दत्तोबाने बोटांवर हिशेब मांडला. ताप दिवसाआड, बारा वाजता येणार. सोमवारी आला, बुधवारी येईल, म्हणजे गुरुवार कोरा. तपासणी गुरुवारीच होती. तो निर्धास्त झाला, आणि गुरुवारी डॉक्टर मीटिंगला पुण्याला गेले.

शुक्रवारी बारा वाजता, बाहेर वैशाख रटरटत असताना, दत्तोबा डॉक्टरांपुढे कुडकुडत उभा राहिला. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, "पांथरी चार बोटं वाढलीय. हा हिवताप आहे."

मारुतराव बाहेरच्या बाकावरून आत धावले. "असं कसं होईल साहेब? हिवताप या भागातून मार्चमध्येच गेला. मी तसा रिपोर्ट दिलाय."

"मग याला काय झालंय?"

"ते तुम्ही बघा. पण हिवताप लिहिलात तर हा नापास होईल, आणि मी खोटा पडेन." मारुतरावांनी डॉक्टरांपुढे टाक सरकवला. इन्स्पेक्टर म्हणून बारा महिने कामावर असले, तरी तेही हंगामीच होते.

डॉक्टरांचा बदलीचा अर्ज वर पडून होता, त्यांना वरच्यांशी वाकडं नको होतं. त्यांनी लिहिलं, 'प्रकृती निरोगी. थंडी हवामानामुळे.' दत्तोबा दोघांच्याही पाया पडला. घरी येऊन घोंगडीत शिरताना म्हणाला, "शालन, कायम झालो बघ." शालनबाई चुलीपुढे बसून पोटभर रडली. चार वर्षांत तिला आनंदाने रडायची ही पहिलीच संधी होती.

दोन आठवड्यांनी हुकूम आला. मारुतरावांनी तो ऑफिसात दत्तोबापुढे मोठ्या आवाजात वाचायला घेतला. चाकण भागातून हिवताप गेल्याचा अहवाल मिळाला. पथकातील कामगाराच्या निरोगी दाखल्यावरून त्याची खात्रीही पटली. वरिष्ठांना समाधान वाटले. सबब कायम जागा रद्द करण्यात येत आहे. पथक बंद करण्यात येत आहे. पुढे इन्स्पेक्टरच्या जागेचाही उल्लेख होता, तो वाचता वाचता मारुतराव खुर्चीत बसले.

बारा वाजून गेले होते. दत्तोबाचे दात वाजू लागले. "साहेब, जाता जाता कोयनेलच्या गोळ्या तरी द्या."

"गोळ्या हिवतापाच्या रोग्याला द्यायच्या असतात," मारुतराव म्हणाले. "तुझा तर दाखला आहे." नोकरी गेली तरी त्यांचा नियम गेला नव्हता.

दत्तोबा भर उन्हात घोंगडी पांघरून घरी आला. शालनबाई दारातच उभी होती. "पगार कवापासनं?"

"जागा गेली, शालन. हिवतापच गेला म्हंत्यात."

तिने त्याच्या कपाळाला हात लावला. तव्यासारखं तापलं होतं. "गेला म्हंत्यात? मग ह्यो कुणाचा हाय?"

ते जाऊन विचारायला दत्तोबाला आता ऑफिसही उरलं नव्हतं.