काळ्या मशीनची टीप

"अवं सिंधू, दोन बोटं ढिलं कर फक्त. मागच्या सालच्या पुनवेले बसत होतं, आता हूकच लागून नाई राह्यला," असं म्हणत धम्मशीलानं पांढरं ब्लाऊज मशीनवर टाकलं आणि दारातली प्लास्टिकची खुर्ची ओढून घेतली.

"भात कमी खा म्हणलं तं तुले राग येते," सिंधूताई म्हणाल्या. "दरसाल असंच चाललं तं एक दिवस साडीतून तुकडा काढून जोड द्या लागन."

धम्मशीला पोट धरून हसली. दोघींची मैत्री लग्न होऊन अमडापुरात आल्यापासूनची. एकमेकींना टोचून बोलल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे.

वैशाख पौर्णिमेच्या आधीचे दिवस म्हणजे सिंधूताईंचे दिवस. पौर्णिमेला विहारात सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून जातात. ते कपडे पुढे वर्षभर पेटीत पडून राहतात, पण बायांची अंगं काही पेटीत पडून राहत नाहीत. म्हणून सिंधूताई शिवतानाच दोन्ही बाजूंना रुंद माया ठेवत. आतली टीप उसवली की कापडाची ती जादा पट्टी मोकळी होई आणि ब्लाऊज पुन्हा अंगाला येई. कोणत्या बाईचं अंग कोणत्या साली सुटलं हे त्यांना पाठ होतं. बाहेर त्या अवाक्षर काढत नसत, फक्त धम्मशीलाला तोंडावर ऐकवत.

त्यांची मशीन पांढरी, ऑटोमॅटिक. मुलाला, प्रसेनजितला, चिखलीच्या पतसंस्थेत नोकरी लागली तेव्हा त्यानं ती घेऊन दिली होती. पुढच्या चकतीवर टाक्यांची चित्रं काढलेली. दुकानदारानं प्रत्येकाचं इंग्रजी नाव सांगितलं, ते सिंधूताईंनी चिखलीच्या स्टँडवरच सोडून दिलं आणि घरी येऊन स्वतःची नावं ठेवली. झिगझॅगचा झाला डोंगर. कापलेल्या कडेवर डोंगर मारला की धागे निघत नाहीत, आणि कडेला डोंगर नसलेलं कापड त्यांच्या हातून कधी बाहेर गेलं नाही. इलॅस्टिक लावायला तुटका डोंगर, कारण तो कापडाबरोबर ताणला जातो, तुटत नाही. पँटच्या खालच्या पट्टीला आणि साडीच्या फॉलला लपती टीप. ती आतून सरळ चालते आणि मध्येच एकदा वरच्या कापडाला जरासा चिमटा घेते, त्यामुळे बाहेरून टाका दिसत नाही. ओढणीच्या काठाला शिंपला. आणि पांढऱ्या ब्लाऊजच्या बाहीवर पान. हे पान त्यांच्या सगळ्यांत आवडीचं. गावातल्या निम्म्या बायांच्या दंडांवर सिंधूताईंची पानं होती.

मधल्या काळात शुगर डोळ्यांत उतरली. पडद्याला सूज आहे, गेलेली नजर काही परत यायची नाही, असं चिखलीच्या डॉक्टरांनी सांगितलं. घरी येऊन सिंधूताईंनी सुनेला, सारिकाला, एवढंच सांगितलं की नंबर वाढला. चकतीवरची चित्रं हळूहळू पुसट होत नाहीशी झाली. पण चकती फिरवताना कटकट वाजते, आणि कितव्या कटकटीला काय येतं हे बोटांना माहीत होतं. दोरा ओवायला मशीनलाच दांडी आहे. टाकाही मशीनच घालते. मग आपल्याला काय, कापड तर धरायचं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. गावानंही ती खरी ठरवली. बाया कपडे न्यायला येत, तोंडभर कौतुक करत आणि पुन्हा नवीन कापड घेऊन येत. त्या कौतुकावर सिंधूताईंचे दिवस चालले होते, खोटं कशाला बोलायचं?

त्यांनी ब्लाऊज उलटं केलं आणि उसवायच्या आधी सवयीनं कडेवरून बोट फिरवलं. डोंगर लागेना. कड गुळगुळीत होती, आत दुमडलेली, वरून एक सरळ टीप मारलेली. त्यांनी दुसरी बाजू पाहिली. तीही तशीच.

"धम्मा, हे मी नाई शिवलं."

"काहीतरीच! तुहंच तं आहे. मागच्या सालचं."

"मी कडेले डोंगर मारल्याशिवाय कापड सोडतो का कधी?" धम्मशीलाशी बोलताना त्या बाप्यासारखं 'सोडतो, बोलतो' म्हणत, जुनी सवय. "हे दुमडून सरळ मारलं. ज्याच्या मशीनले सरळ टिपेशिवाय काही येत नाई, त्याचं काम हाये हे."

बोट तसंच खाली गेलं आणि थांबलं. टिपेच्या सुरुवातीला एक गाठ होती. धागा तीन-तीनदा मागेपुढे नेऊन टणक केलेली. ही गाठ त्यांनी अंधारातही ओळखली असती. सारिकाला शिवण शिकवताना याच गाठीवरून त्या तिच्यावर किती ओरडल्या होत्या, टीप पक्की करतेस की बैल बांधतेस म्हणून. मागच्या खोलीत सिंधूताईंची जुनी काळी पायमशीन होती. तिला एकच टाका येतो, सरळ. तिच्यावर सारिका बसते.

मग त्यांना भोकं लागली. पातळ सुती कापडाचं असंच असतं, सुई एकदा गेली की खूण राहते. सारिकाच्या टिपेशेजारून रिकाम्या भोकांची एक ओळ गेली होती. भरली घागर आणताना वाटेवर पाणी सांडत जावं तशी ती ओळ इकडून तिकडे गेली होती, मध्येच कडेबाहेर पडली होती, परत आत आली होती. ही भोकं कोणाची, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही.

धम्मशीलानं खुर्ची मागे सरकवली.

"तुले माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"सिंधू, बगलेत टीप तिरपी गेलती. हातच वर होत नव्हता. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी. मी सारिकाले म्हणलं, पोरी, एवढं नीट करून दे, तुह्या सासूले नोको सांगू."

"म्हणजे सुरुवात तूच केली."

"हाव."

"मले काऊन नाई सांगतलं? कोण होतो मी तुही?"

"छायानं सांगतलं होतं की तुले! काय केलं तू तिचं?" धम्मशीलाचाही आवाज चढला. वरच्या आळीतल्या छायानं एकदा नवऱ्याची पँट आणून दाखवली होती, पट्टी वाकडी आली म्हणून. त्या दिवसापासून सिंधूताईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. समोरून आली तर मान फिरवत. "मंग आमी कोण्या तोंडानं सांगावं?"

"आमी म्हणजे? आनखी कोण?"

धम्मशीलानं पदरानं तोंड पुसलं. "सगळ्याच."

"सगळ्या तं माह्यासमोर कपडे घेऊन जातात."

"इथून निघतात. गिरणीकून फेरा घालतात अन् मांगच्या दारानं येतात. सारिका उसवून, शिवून देते."

सिंधूताईंना दुपारी वाजणारी मागची कडी आठवली. कोण आलं म्हणून त्या विचारत, आणि सारिका सांगे, शेजारची आली, विरजण मागायला. सुनेचे शेजाऱ्यापाजाऱ्यांशी किती चांगले संबंध आहेत म्हणून त्यांना बरं वाटे. त्या मनातल्या मनात सुखावत. ते सुख आठवून त्यांना आता स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात सारिका चहा घेऊन आली. मशीनवरचं उलटं केलेलं ब्लाऊज आणि सासूचा चेहरा बघून ती दारातच थांबली.

"ये. बस," सिंधूताई म्हणाल्या. "माही शिवण उसवताना हात दुखत असन तुहा."

"आई, तुमचं मन मोडू नये म्हणून केलं."

"मन मोडू नये म्हणून हात तोडले माहे?"

सारिकानं कप खाली ठेवले. ती भांडखोर नव्हती, पण तिनं मान खाली घातली नाही. "तुम्ही तरी डोळ्याचं कुठं सांगतलं आमाले? नंबर वाढला म्हणे. ह्यायनं डॉक्टरले फोन करून इचारलं तवा कळलं."

"प्रसेनजितलेबी माहीत हाये?"

सारिकानं सासूचा कप तिच्या हाताशी सरकवला.

सिंधूताईंना वाटलं होतं, आपण लपवतोय आणि हे बिचारे फसताहेत. थोडं वाईटही वाटायचं. आणि इथे घर, आळी, विहार सगळे मिळून त्यांनाच फसवत होते. पोटचा मुलगा रोज संध्याकाळी येऊन विचारत होता, आज काय शिवलं आई? त्या सांगत होत्या, आणि तो ऐकून घेत होता. पोराला गप्प बसवायला खेळणं देतात तसं गावानं त्यांना कापड दिलं होतं. डोळे गेले याचं एवढं दुःख त्यांनी केलं नव्हतं. हे मात्र थेट काळजात गेलं.

त्यांनी तयार कपड्यांचा गठ्ठा पुढे ओढला. सगळे पांढरे, पौर्णिमेचे. "यातलं कोणतं उसवणार होती?"

सारिकानं गठ्ठा आपल्याकडे ओढला.

"सगळेच?"

"बाहीवरचं पान चांगलं आलं आई," सारिका घाईनं म्हणाली. "खरंच. पान मी कधीच नाई उसवलं कोणाचं."

"ते मशीनचं हाये," सिंधूताई म्हणाल्या. "माहं नाई."

धम्मशीलानं उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सिंधूताईंनी तो झटकला नाही, पण मानही वळवली नाही. मग धम्मशीला निघून गेली. चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली. सारिका कप उचलून आत गेली. मागच्या खोलीत ती रडत होती की नाही, हे सिंधूताईंनी कान देऊन ऐकलं नाही.

ऊन उतरल्यावर अंगणवाडीतली निशिगंधा आली.

"जयभीम काकू. झालं का माहं ब्लाऊज?"

"झालं." सिंधूताईंनी गठ्ठ्यात हात घालून बाह्यांचं माप चाचपलं, तिचं ब्लाऊज काढलं आणि पुढे केलं.

"मस्त झालं काकू! तुमच्यासारखा हात नाई कोणाचा."

एरवी सिंधूताई इथे हसल्या असत्या. आज त्यांना ऐकू आलं की ब्लाऊजची घडी मोडल्याचा आवाज झालाच नाही. पोरीनं ते उघडूनही पाहिलं नव्हतं. ब्लाऊज पिशवीत गेलं, दारात चपलांची सरसर झाली.

"निशिगंधा."

"काय काकू?"

"गिरणीकून फेरा कायले घालते? घरातूनच जाय. सारिका मांगच बसली हाये."

दारात पिशवी चुरगळल्याचा आवाज झाला.

"काकू, मी..."

"जाय बाई. पुनव जवळ आली, तिलेबी बाकीच्यायचं काम हाये." सिंधूताई उठल्या. भिंतीला हात लावत आतल्या दारापर्यंत गेल्या, पडदा बाजूला केला आणि तो धरून उभ्या राहिल्या.

निशिगंधानं चपला हातात घेतल्या. अंग चोरून ती त्यांच्याजवळून स्वयंपाकघरात गेली, तिथून मागे. आत दोघी अगदी हलक्या आवाजात काही बोलल्या. मग काळ्या मशीनचं लाकडी झाकण उघडल्याचा आवाज झाला.

सिंधूताई परत येऊन आपल्या मशीनपुढे बसल्या. पडदा त्यांनी ओढला नाही. मागे सारिकानं ब्लेड हातात घेतलं असावं, कारण एकेक टाका तुटू लागला. तो आवाज फार बारीक होता. सिंधूताईंनी हात लांबवून पंख्याचं बटण बंद केलं.